कळंब्यात वरचा मजला चढवतोय : आधी एसी की आधी छत?

भूगोलाच्या बाई

नमस्कार. कोल्हापूरजवळ कळंब्याला आमचं तळमजल्याचं घर आहे. त्यावर दोन खोल्या आणि एक छोटी अभ्यासिका चढवायची आहे. कॉलम-फूटिंग पूर्वीच वरच्या मजल्याच्या हिशेबाने घेतलेलं होतं, इंजिनिअरकडून पुन्हा तपासूनही घेतलं. पावसाळ्याआधी स्लॅब पडायला हवा, म्हणून घाई सुरू आहे.

ठेकेदारांनी दिलेला प्लॅन असा : पश्चिमेच्या भिंतीत सहा फुटी सरकती काचेची खिडकी, सगळीकडे फॉल्स सीलिंग आणि दोन्ही खोल्यांत दीड-दीड टनाचा एसी. "वरचा मजला तापणारच मॅडम, एसीशिवाय भागणार नाही," असं त्यांचं म्हणणं. सासू-सासरे खालीच राहणार आहेत. वर आम्ही दोघं आणि मुलगी. तिची बारावी जवळ आली आहे, म्हणजे एप्रिल-मे तिला अभ्यासिकेतच काढायचे आहेत.

मी शाळेत हवामानबदलाचा धडा शिकवते आणि मुलं मन लावून ऐकतात. त्याच मुलांपैकी कोणी आमच्या घरी आलं तर त्याला तिथं शिकवण्यापेक्षा वेगळं काही दिसायला नको, असं वाटतं. घर चाळीस-पन्नास वर्षं टिकेल, तेव्हा आत्ताच नीट ठरवावं असं मनापासून वाटतं. एसीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी कशावर घालू? वीट, सिमेंट, छत यांत नेमका किती फरक पडतो? कोल्हापुरात प्रत्यक्ष बांधकाम करणाऱ्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.


गवंड्याचा मुलगा

मॅडम, स्लॅब ओतायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं झालं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, कोल्हापूर आणि गडहिंग्लज भागात घरं बांधतो. वडील गवंडी होते. त्यांच्या हातचे वाडे आजही मेमध्ये आत गेलं की गार लागतात, त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

थेट सांगतो. आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग पंखे. एवढं करून गरज उरली तर एका खोलीत एसी.

तुम्ही भूगोलाच्या, त्यामुळं कारण लगेच पटेल. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीला सावली राहत नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा गच्चीवर, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. दुपारी आडव्या गच्चीवर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. तुमची गच्ची ६०० चौरस फूट धरली तर ५५ चौरस मीटर झाली, म्हणजे ५५ किलोवॅट. काळवंडलेला सिमेंटचा कोबा यातला मोठा वाटा पिऊन घेतो. पाच इंची स्लॅब ती उष्णता लगेच आत सोडत नाही, काही तास धरून ठेवतो. म्हणून वरच्या मजल्यावर सर्वात वाईट वेळ संध्याकाळी सात ते रात्री अकरा असते, बाहेर मस्त वारा सुटलेला असताना. तेव्हा लावलेला एसी खोलीतल्या माणसांपेक्षा स्लॅबलाच गार करत बसतो.

ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. त्यात छतातून उष्णता किती जावी याची मर्यादा आहे : चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, १.२ वॅट. उघडा स्लॅब तीनच्याही वर जातो. दीड-दोन इंच जाडीचे एक्सपीएस बोर्ड (कडक फोमचे असतात) घातले की तोच आकडा एकच्या खाली येतो. स्लॅब, त्यावर चांगलं वॉटरप्रूफिंग, त्यावर हे बोर्ड, त्यावर ढाळ धरून कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक, असा क्रम घ्या. नुसता पांढरा रंग कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात शेवाळून काळा पडतो. मग फेब्रुवारीत घासून पुन्हा मारायला लागतो. पैसे कमी असतील तर तोही चालेल, दरवर्षी चुना मारला तरी फरक जाणवतो, पण तो दरवर्षी न चुकता मारणारं माणूस घरात पाहिजे. मोझॅक पावसानं धुऊन निघतं.

फॉल्स सीलिंगनं थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण तोवर ऊन स्लॅबमध्ये शिरलेलं असतं. उष्णता बाहेरच अडवलेली बरी. शिवाय पंखा खाली येतो आणि खोली बुटकी होते. मी असतो तर ते पैसे बोर्डांवर घातले असते.

आता पश्चिमेची गोष्ट. इथं कोल्हापूरचं कोडं आहे आणि बाहेरचे आर्किटेक्ट हमखास इथं फसतात. संध्याकाळचा गार वारा आपल्याकडे पश्चिमेकडून, घाटावरून येतो. ऊनही तिकडूनच. खिडकी बंद करून भिंत आंधळी केली तर वारा गेला, सहा फुटी काच लावली तर दुपारी तीनपासून खोलीत भट्टी. सरकत्या खिडकीची तर एका वेळी निम्मीच बाजू उघडते. मी अशा ठिकाणी दोन उभ्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या घेतो, प्रत्येक अडीच फुटांची. बाहेरून दोन फुटी चज्जा, आणि चज्ज्याच्या खाली उतरणारं तिरपं ऊन अडवायला बांबूची चीक किंवा लाकडी पट्ट्यांची झडप. पडदा आतून लावून उपयोग नाही, तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. समोरच्या, पूर्वेच्या भिंतीत तितकीच मोठी खिडकी आणि छताखाली झरोके पाहिजेत, नाहीतर आलेला वारा बाहेर पडत नाही. सकाळी नऊ-दहाला सगळं बंद, सूर्य उतरला की सगळं उघडं. आपल्या रात्री अजून गार असतात, ही कोल्हापूरची कमाई आहे. ती वापरायची. डासांची जाळी मात्र पहिल्याच दिवशी बसवा, नाहीतर खिडक्या उघडल्याच जाणार नाहीत.

विटांबद्दल. नऊ इंची लाल विटेच्या भिंतीच्या मानाने आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हलके, आत हवेचे बुडबुडे असलेले सिमेंटचे ठोकळे) भिंतीतून निम्म्याहून कमी उष्णता आत येते. वजनही हलकं, जुन्या फूटिंगवर भार कमी. पण ब्लॉक पाणी पितो. पश्चिमेचा पाऊस आपल्याकडे आडवा मारतो, त्यामुळं बाहेरून दोन थरांचं प्लास्टर, ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी, हे लिहून घ्या. फ्लाय ॲश (कोळशाच्या राखेच्या) विटेला भट्टी लागत नाही, म्हणून कर्ब कमी. उष्णता अडवण्यात मात्र ती लाल विटेच्या फार पुढं नाही.

सिमेंटमध्ये पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, मागा. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा, करताना चुनखडी भाजतात, त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, टनामागे सुमारे अर्धा टन. कोळशाचा धूर त्याच्यावर वेगळा. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढं क्लिंकर वाचतं. क्युरिंग जरा जास्त दिवस नीट करावं लागतं, एवढंच पथ्य. आणि शहरात वाडे पाडल्यावर निघणारं जुनं सागवान, दारं, चौकटी, घडीव दगड विकायला असतात. अभ्यासिकेची दारं-खिडक्या तिथनं घ्या. नव्या लाकडापेक्षा चांगला माल मिळतो.

एक आनंदाची गोष्ट : वर मजला चढला की खालच्या स्लॅबवर ऊन पडायचं बंद. सासू-सासऱ्यांच्या खोल्या काही न करता थंड होतील.


राजारामपुरी सातवी गल्ली

सगळं वाचलं, पटलंही. पण एक बाजू मांडायची आहे. आमच्यासारख्यांनी आयुष्यभर पंख्याखाली काढलं. आता कुठे ऐपत आली, तर एसी घेताना मनात अपराधी वाटायला लावू नका. ज्या देशांनी शंभर वर्षं धूर सोडला ते गारव्यात बसलेत, आणि कळंब्यातल्या बाईंनी मात्र विचार करायचा? माझ्या आईला शेवटच्या उन्हाळ्यात एसीमुळेच झोप लागायची. म्हाताऱ्या माणसाला, आजाऱ्याला तो औषधासारखाच लागतो. घ्या बाई, बिनधास्त घ्या.


हनोईतला कोल्हापूरकर

काका, तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला आकड्याचाही आधार आहे. भारताने २०१९ मध्ये राष्ट्रीय शीतकरण आराखडा काढला, तेव्हा एसी असलेली घरं आठ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच आराखड्यात पुढच्या वीस वर्षांत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्के कमी करायचं आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी उतरवायचं उद्दिष्ट आहे. एसी कोणी घेऊच नये असं त्यात नाही. घरच असं असावं की थोड्या एसीत भागेल, हा त्याचा गाभा.

मी गेली काही वर्षं व्हिएतनाममध्ये कारखान्यांच्या इमारतींचं काम करतो. इथल्या उन्हाळ्यात दमटपणा इतका की रात्रीसुद्धा गार होत नाही. कोल्हापुरासारखं खिडक्या उघडून घर थंड करायचं म्हटलं तर जून-जुलैत जमत नाही. तरी जुन्या घरांतून या लोकांनी बरंच साधलंय. गल्लीकडे तोंड करून उभी असलेली अरुंद, लांबलचक घरं, मध्ये उजेडाचा चौक, आणि दर्शनी भागाला जाळीच्या विटा, म्हणजे सावली आणि वारा दोन्ही. आता नवे आर्किटेक्ट त्या जाळ्या परत आणतायत. शेजारच्या कंबोडियात आर्किटेक्ट वान मोलिवान यांनी १९६० च्या दशकात नोम पेन्हमध्ये दुहेरी छताच्या इमारती केल्या. वरचं छत ऊन खातं, मधल्या पोकळीतून वारा निघून जातो. आपल्याकडं गच्चीवर पत्र्याची शेड घालतात त्याचाच हा देखणा आणि विचारपूर्वक केलेला अवतार म्हणा.

मला जी गोष्ट खुपते ती सांगतो. इथला ऊर्जाबचतीचा इमारत नियम २,५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना लागतो. आपली २०१८ ची इको निवास संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडासाठी लिहिलेली आहे. कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगाव इथले दोन-तीन गुंठ्यांचे प्लॉट घ्या, एकही त्यात बसत नाही. आणि आशियातली वाढती शहरं नेमकी अशाच छोट्या घरांची बनतायत. एसीची संख्या जगभरात शतकाच्या मध्यापर्यंत तिपटीहून जास्त होईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०१८ चा अंदाज होता, आणि त्यातला मोठा वाटा चीन, भारत आणि इंडोनेशियाचा. म्हणजे मोठ्या टॉवरला नियम, आणि जिथं खरी वाढ आहे तिथं सगळं ठेकेदाराच्या सवयीवर. महापालिका किंवा प्राधिकरण परवानगी देताना निदान "छताला काय करणार?" एवढा एक रकाना भरून घेऊ शकतं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण केलं, आपल्या राज्यातही व्हायला हवं. तोवर बाईंसारख्या मालकांनी विचारत राहणं हाच नियम.


फ्रीज-एसी दुरुस्ती, लक्ष्मीपुरी

ताई, मी लिहिणारा माणूस न्हाई, पण हे माझ्या पोटाचं काम हाय म्हणून लिहितो.

एसी घ्याच म्हणतो मी, पण खोली आधी नीट करा. छत झाकलं आणि खोली १२० चौरस फुटांची असली तर एक टन पुरतो. तापलेल्या स्लॅबखाली त्याच खोलीला दीड टन लागतो आणि तोबी दमतो. मोठा एसी घेतला तर चटकन गार करून बंद पडतो, पावसाळ्यात हवेतलं पाणी नीट काढत न्हाई, अंथरूण दमट लागतं.

एसीत गार करणारा गॅस कुठला हाय ते बघून घ्या. आर-४१० ए चा एक किलो हवेत सुटला तर दोन हजार किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. आर-३२ चा एक किलो पावणेसातशे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो तीन-चारच्या आसपास, नसल्यासारखाच. गोदरेजनं तो २०१२ पासून आपल्याकडं आणलाय. पण पेटणारा गॅस हाय, शिकलेल्या माणसाकडूनच बसवायचा. आर-३२ सुद्धा थोडा पेटतो, तिथंबी निष्काळजीपणा नको.

लोक गॅसचं नाव विचारतात, पण नुकसान होतं ते गळतीनं. बसवताना फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरट तोंड, नीट पाडला न्हाई, नट कमी-जास्त आवळला, की दोन वर्षात गॅस संपतो. मग कोणतरी येतो, गळती न शोधता वरनं गॅस भरतो, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. बसवणाऱ्याला सांगा : पाइप जोडल्यावर नायट्रोजननं प्रेशर टेस्ट, साबणाच्या पाण्यानं सांधे बघायचे, मग व्हॅक्यूम पंप लावूनच गॅस सोडायचा. गॅस सोडून पाइपातली हवा ढकलणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जुना एसी काढताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून बंद करता येतो, हवेत सोडायची गरज न्हाई.

आउटडोअर पश्चिमेच्या उन्हात टांगू नका, उत्तरेला सावलीत लावा. आणि २४ च्या खाली उतरवू नका. २०२० पासून स्टारवाल्या एसीत कारखान्यातूनच २४ लावून येतं, ते उगाच न्हाई. एका अंशाला सहा टक्के वीज वाचते असं बीईईच सांगतं. वर पंखा हळू चालू ठेवा, २६ ला बी छान झोप लागते.


भूगोलाच्या बाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. घरातल्यांना रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे राजारामपुरीच्या काकांच्या बाजूने आहेत, मुलगी हनोईच्या दादांच्या. शेवटी ठरलं ते असं : दोन्हीऐवजी एकच एसी, तोही एक टनाचा, आणि तो अभ्यासिकेत नाही तर झोपायच्या खोलीत. मुलगी म्हणते, दुपारी ती खाली आजीपाशी अभ्यास करेल.

ठेकेदारांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पण "बोर्ड घातले की गच्चीवर पाणी मुरतं, पुढं जबाबदारी माझी नाही" असं म्हणाले. हे खरं आहे का? आणि गच्चीवर सोलर बसवायचा विचार आहे, तो मोझॅकवर बसतो का, की त्यासाठी परत फोडाफोडी?


गवंड्याचा मुलगा

मॅडम, त्यांची भीती अगदीच निराधार नाही. बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या खाली घातले आणि वरचा थर कुठं फुटला, तर पाणी बोर्डाखाली पसरतं आणि गळती भलतीकडेच दिसते. म्हणूनच वॉटरप्रूफिंग थेट स्लॅबवर आणि बोर्ड त्याच्या वर, हा क्रम मी सांगितला. एक्सपीएस पाणी जवळपास पीत नाही, म्हणून तो असा वर चालतो. थर्माकोलचे स्वस्त बोर्ड मात्र नकोत. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीची भोकं बुजवून पाणी तुंबवून ठेवायचं, खालून ओल आली नाही हे तुम्ही स्वतः बघायचं, आणि मगच बोर्ड टाकू द्यायचे. पॅरापेटच्या कडेला वॉटरप्रूफिंग फूटभर वर चढवलेलं पाहिजे. गळती बहुतेक वेळा तिथंच सुरू होते. एवढं झाल्यावर जबाबदारी नाकारायला ठेकेदाराला कारण उरत नाही. लागलं तर मी एकदा येऊन बोलतो त्यांच्याशी, गवंड्यांनाही समोर बसवू.

सोलरसाठी फोडाफोडी नको, पण त्याचं आत्ताच ठरवा. पॅनेलच्या स्टँडला सिमेंटचे छोटे खांब स्लॅब ओततानाच सळईसकट उभे करून घ्यायचे आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्याभोवती वळवायचं. नंतर ड्रिल मारली की संपलं. तीन किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट लागतात, म्हणजे तुमची निम्मी गच्ची पॅनेलच्या सावलीत. स्टँड जरा उंच घेतला तर खालून वारा खेळतो, पॅनेलही कमी तापतं आणि स्लॅबही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. वळवाचा वारा लक्षात ठेवून स्टँडचे नट-बोल्ट आणि पाया इंजिनिअरकडून बघून घ्या. दरवर्षी मेमध्ये कुणाचे ना कुणाचे पत्रे उडतातच.

पंखे २८-३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, साधे ७५ च्या आसपास खातात. आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत अभ्यासिकेला साधा कूलर उत्तम चालतो, खिडकी उघडी ठेवून. मे संपत आला, हवा ओलसर झाली, की त्याचा उपयोग कमी होतो.

शटरिंग लागायच्या आधी तीन गोष्टी नकाशात काढून घ्या : पश्चिमेचा चज्जा, कारण त्याची सळई बीममधूनच बाहेर काढावी लागते. सोलरचे खांब. आणि एसीच्या पाण्याचा पाइप, भिंतीच्या आतून, उत्तरेकडे उतार देऊन. नकाशाचा फोटो इथं टाका, मोजमापं बघून सांगतो.